रॅकच्या माथ्यावरचा स्विच

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून जाताना फारशा खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. त्यांतली बरीच डेटा सेंटर आहेत. आत माणसं मोजकी आणि सर्व्हर हजारोंनी. या सर्व्हरना एकमेकांशी जोडणाऱ्या स्विचची जागा कोणती, हा आजचा विषय.

सर्व्हर लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवतात. रॅकच्या माथ्यावर सहसा एक स्विच असतो आणि खालचे सगळे सर्व्हर त्याला जोडलेले असतात. जुन्या मांडणीत हा ॲक्सेसचा थर. त्याच्यावर ॲग्रीगेशन, सर्वांत वर कोअर. बाहेरून मागणी आली, उत्तर बाहेर गेलं, एवढंच काम होतं तोवर ही उतरंड चालून गेली.

पुढे सर्व्हरच एकमेकांशी जास्त बोलू लागले. इंटरनेटवर तुम्ही एक शब्द शोधता, तेव्हा आत शेकडो यंत्रांची आपापसांत विचारपूस चालते. शेजारच्या रॅकशी बोलायलाही वरचा थर गाठायचा, म्हणजे ठाण्याहून कल्याणला जायला आधी सीएसएमटी गाठण्यासारखं! शिवाय डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणून स्पॅनिंग ट्री ही पद्धत जादा वाटा बंद ठेवते. राडिया पर्लमन यांची ही १९८०च्या दशकातली युक्ती फार हुशारीची, पण तिच्यापायी दोन केबलचे पैसे मोजून एकच वापरायची.

यावरचं उत्तर टेलिफोनवाल्यांकडे होतं. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली एक्स्चेंजसाठी त्याचं गणित मांडलं होतं. आजची लीफ-स्पाइन रचना त्याच घराण्यातली. रॅकवरचा स्विच झाला लीफ आणि प्रत्येक लीफ वरच्या थरातल्या प्रत्येक स्पाइन स्विचला जोडलेला. कुठल्याही दोन रॅकच्या मध्ये एकच स्पाइन लागतो आणि सगळ्या वाटा एकदम वापरता येतात.

खरी मेख आहे ती लीफपाशी. समजा, त्याला दहा गिगाबिटचे ४८ सर्व्हर जोडले आणि वर जायला चाळीस गिगाबिटच्या चार केबल दिल्या. खालून ४८०, वर १६०. म्हणजे तीनास एक. सगळे सर्व्हर एकदम वर बोलू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा. कार्यालयीन कामाला हे चालतं, साठवणुकीच्या मोठ्या कामाला जाचतं.

एकाच पेटीत अनेक पातळ सर्व्हर बसवणाऱ्या ब्लेड रचनेत तर स्विच आतच बसवलेला मिळतो. केबल कमी होतात, हे खरं. पण लीफच्या खाली आणखी एक थर गुपचूप तयार होतो आणि तो सांभाळायचा कोणी, सर्व्हरवाल्यांनी की नेटवर्कवाल्यांनी, यावर वाद. माझं मत विचाराल, तर सर्व्हर थेट लीफला जोडावेत.

एआयच्या रॅकची गोष्ट निराळी. एनव्हिडियाने २०२४ साली जाहीर केलेल्या रॅकमध्ये ७२ जीपीयू, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप, स्वतंत्र एनव्हीलिंक स्विचांनी जोडलेले आहेत, प्रत्येकी सेकंदाला १.८ टेराबाइट वेगाने. लीफ-स्पाइनचं जाळं त्याच्या बाहेर सुरू होतं. इथे आतला थर मुद्दाम आखलेला आहे.

तेव्हा तुमच्या बँकेत, रुग्णालयात किंवा महाविद्यालयात नवी सर्व्हर खोली उभी राहत असेल, तर स्पाइनची किंमत विचारण्याआधी प्रत्येक लीफचं खालचं-वरचं गुणोत्तर निविदेत लिहून मागा.