मोहल्ला, गाव आणि पोलीस ठाणे

(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर पोलीस ठाण्याचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. पण तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाला या दोहोंतला संबंध रोज दिसतो. परीक्षेच्या तोंडावर ज्या मुलाचे नाव जमावाविरुद्धच्या फिर्यादीत येते, त्याचे वर्ष वाया जाते. पुढे तारखांच्या हेलपाट्यांत नोकरी जाते. फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे आखाताची वाटही अडते. बापाने घाम गाळून भरलेली फी आणि शिक्षकांची मेहनत एका संध्याकाळी पाण्यात जाते. म्हणून मोहल्ल्याची सुरक्षितता हा पालकांनी मनावर घ्यायचा विषय आहे, असे माझे नम्र मत आहे.

आपल्या लोकांचा पोलीस ठाण्याशी संबंध येतो कधी? एक तर घरात चोरी झाली तर, नाहीतर मुलाला पकडून नेले तर. दोन्ही वेळा आपण घाबरलेले असतो आणि समोरचा अंमलदार आपल्याला ओळखत नसतो. अनोळखी माणसांत विश्वास कोठून येणार?

पूर्वी गावात हे काम पाटील करी. ते वतन वंशपरंपरेचे होते. पुढे वंशपरंपरा संपली आणि महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे नेमलेला पोलीस पाटील आला. गावातील गुन्ह्याची वर्दी ठाण्याला देणे, शांतता बिघडण्याची चिन्हे दिसताच कळविणे, तपासात पोलिसांना साह्य करणे ही त्याची कामे. गावचा रहिवासी, दहावी उत्तीर्ण, २५ ते ४५ वयाचा कोणीही या पदासाठी अर्ज करू शकतो, आणि आज स्त्रियाही पोलीस पाटील आहेत. तुमच्या गावचा पोलीस पाटील कोण, हे येथे बसलेल्या किती जणांना सांगता येईल? त्या पदाची जाहिरात निघाली तेव्हा आपल्यापैकी कितींनी मुलाला किंवा मुलीला अर्ज करायला सांगितले?

आता मी तुम्हाला भिवंडीचे उदाहरण देतो, कारण त्यात या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मे १९७० मध्ये तेथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. त्या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. दोन दंगलींनी माणसे गेली, माग बंद पडले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही कामगारांच्या चुली विझल्या.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल झाल्यावर लाठी उगारण्यापेक्षा ती होण्याआधी माणसे जोडावीत, असा विचार करून त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. अशा सुमारे ७० समित्या झाल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली आणि त्यांच्याबरोबर त्या भागातला पोलीस शिपाई व हवालदार बसविला. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी आणि साहेब लोक सणापुरते एकत्र येतात, चहा घेतात आणि उठतात. येथे मात्र वर्षभर बैठका होत. नळावरचे भांडण, गटाराचे पाणी, वाटेवरचे अतिक्रमण अशा लहान तक्रारी तेथेच मिटत. लहान तक्रार साचली की तिला जातीचा आणि धर्माचा रंग चढायला वेळ लागत नाही, हे त्यामागचे इंगित होते.

याची कसोटी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये लागली. शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जिचे नाव काढताच दंगल आठवे, ती भिवंडी! अफवा आली की समितीचा माणूस हवालदाराला विचारी, हवालदार खरे काय ते सांगे, आणि दोघे मिळून गल्लीत फिरत. पुढे मुंबईनेही १९९४ पासून मोहल्ला समित्यांचा मार्ग धरला.

पण गोष्ट येथे संपत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कबरस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोन नागरिक मेले आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले. चारही घरांत रडारड सारखीच झाली असेल. यावरून मी एवढाच बोध घेतो, की शेजाराची घडी एकदा बसवून भागत नाही. विहिरीचा गाळ दरवर्षी काढावा लागतो, तसेच हे काम आहे. अधिकारी बदलून जातात, समितीचे जुने सदस्य थकतात, नवी पिढी बैठकीला येत नाही, आणि एके दिवशी कागदावरची समिती कागदावरच राहते.

दंगल फक्त दोन धर्मांत होते, असेही समजू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षुकी करणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी गावोगाव फिरणारे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी घेतला. अफवा मोबाईलवरून आली, पण काठी गावच्याच हातांत होती. त्या गावांत वेळीच फोन करून खात्री करून घेणारे दहा जण असते, तर माणसे वाचली असती आणि मारणाऱ्यांची घरेही उद्ध्वस्त झाली नसती.

विद्यार्थी मित्रांनो, येथे कायद्याची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बेकायदेशीर जमावाने समान उद्देशाने गुन्हा केला, तर त्या जमावातला प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्याला जबाबदार धरला जातो. दगड कोणी मारला हा प्रश्न नंतर येतो. "मी नुसता बघायला उभा होतो," हे शाबीत करण्यात वर्षे जातात. गर्दी दिसली की घराकडे वळा. मोबाईलवर आलेली बातमी खरी की खोटी हे ठाऊक नसेल, तर ती पुढे पाठवू नका.

"पोलीस आमचे ऐकतच नाहीत," असे काही पालक म्हणतील. हे गाऱ्हाणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही; मादन आयोगाचा दाखला मी मघाशीच दिला. परंतु ज्याला कायदा ठाऊक आहे त्याचे ऐकावे लागते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर स्त्रीला आणि १५ वर्षांखालील मुलाला ठाण्यात बोलाविता येत नाही. त्यांच्या घरीच यावे लागते. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. ही कलमे आईला ठाऊक असतील तर ती ठाण्याच्या पायरीवर रडत बसणार नाही, सरळ प्रश्न विचारील.

आता थोडे करण्यासारखे सांगतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि गावचा तंटा गावातच मिटविण्याची सवय कितीतरी गावांना लागली. आपल्या मोहल्ल्याला हे अशक्य का असावे? दर तीन महिन्यांनी एक बैठक घ्या. तिला आपल्या भागाचा बीट अंमलदार बोलवा, पोलीस पाटील बोलवा, आणि शेजारच्या आळीतील हिंदू व बौद्ध बांधवांनाही बोलवा, कारण चोर जात विचारून घरात शिरत नाही. बैठकीत स्त्रिया असाव्यात. अंधारी वाट कोणती आणि मुलींना त्रास कोठे होतो हे त्यांनाच ठाऊक असते. ठाण्याचा नंबर आणि संकटकाळचा ११२ हा नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असू द्या. मात्र गस्त घाला म्हणजे कायदा हातात घ्या असे नव्हे. अनोळखी माणूस दिसला तर त्याला अडवून मारायचे नाही, ठाण्याला कळवायचे.

शेवटी मुलामुलींना एक विनंती. पोलीस भरतीची जाहिरात निघते तेव्हा ती आपल्यासाठी नाही, असे मनात आणू नका. धावण्याचा सराव करा, लेखी परीक्षेचा अभ्यास करा. फौजदार व्हा, शिपाई व्हा, पोलीस पाटील व्हा. ठाण्यात आपल्या ओळखीचा एक चेहरा असला, तर मोहल्ल्यातली शंभर माणसे निर्भयपणे पायरी चढतील. आणि त्या चेहऱ्याने सर्वांना सारखा न्याय दिला, तर शेजारची शंभर माणसेही आपल्याला दुवा देतील.

 पुढच्या मेळाव्याला आपल्या बीटच्या हवालदारसाहेबांना निमंत्रण द्यावे, अशी अध्यक्षसाहेबांना विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.