मोटार आणि जनित्र : यंत्र एक, कामे दोन
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



बहादरपूर-बऱ्हाणपूरच्या आपल्या घरांना यंत्रमागाचा खडखडाट आणि केळीबागेतला पंप नवा नाही. दोन्हीकडे राबते ती विजेची मोटार. मोटार वीज घेऊन फिरते, जनित्र फिरवले की वीज देते. म्हणून आपण त्यांना दोन वेगळी यंत्रे समजतो. मुळात तत्त्व एकच आहे.

चुंबकाजवळच्या तारेतून वीज सोडली की तार ढकलली जाते, ही मोटार. तीच तार चुंबकाजवळ आपण फिरवली की तारेत वीज निर्माण होते; हे जनित्र. हे दुसरे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात तर एका डायनामोच्या विजेवर दुसरा डायनामो मोटारीसारखा फिरवून दाखवला गेला.

महाराष्ट्रातला २५० मेगावॉटचा घाटघर प्रकल्प आज याच तत्त्वावर चालतो. वीज शिल्लक असते तेव्हा यंत्रे खालच्या धरणातले पाणी वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडतात आणि तीच यंत्रे वीज देतात. मात्र चढवायला लागते त्यापेक्षा परत मिळणारी वीज कमीच असते. काही भाग तारांच्या तापण्यात, घर्षणात जातो. म्हणून 'मोटारीला जनित्र जोडा, फुकट वीज मिळवा' असे कोणी सांगितले तर आपण खिशाला हात घालू नये.

हीच गळती आपल्या मागांवरही होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पूर्ण भाराला ८० टक्के कार्यक्षम मोटार सुमारे ९३२ वॉट घेते, ७० टक्क्यांची १०६६. असे दहा माग रोज बारा तास चालले तर फरक होतो सुमारे १६ युनिटांचा. कापड एक वारही वाढत नाही. बिल मात्र वाढते.

तेव्हा जळालेली मोटार पुन्हा भरून घेताना तार मूळ जाडीची आणि वेढे मूळ संख्येइतकेच आहेत ना, हे आपण विचारू या. बेअरिंग वेळेवर बदलू या, पट्टा फार ताणू नये. मोटार नेहमीपेक्षा जास्त तापू लागली, तर आपल्या कष्टाचा पैसा उष्णता होऊन उडतो आहे, असे समजावे.

बुद्धीच्या देवतेसमोर एवढा हिशेब आपण शिकलो, तरी हा उत्सव सार्थकी लागला.

गणपती बाप्पा मोरया!