कर्जाचं कारण

मी मीरा-भाईंदरमध्ये बचत गटांचं काम बघते. आमच्याकडे एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला उत्तनचे कोळीवाडे. पण गटाची वही उघडली की गाव काय, शहर काय, सारखंच दिसतं.

वहीत एक रकाना असतो, ‘कर्जाचं कारण’. परवा जुनी वही चाळत होते. मुलाची फी. नवऱ्याच्या रिक्षाची दुरुस्ती. नणंदेचं लग्न. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. पानामागून पान उलटलं, एकीनेही ‘माझ्यासाठी’ असं लिहिलेलं नव्हतं. हप्ते मात्र तिनेच फेडलेले.

पुरुषाला विचारा, तुम्हाला मोलाचं काय वाटतं? तो लगेच सांगतो : माझं घर, माझी जमीन, माझा शब्द. बाई म्हणते, पोरं शिकावीत, घरात भांडण नसावं. आता पोरं शिकावीत असं बापालाही वाटतंच, आणि शब्द तर बाईही पाळते. फरक आहे तो सांगण्यात. त्याचं मोल दारावरच्या पाटीवर असतं, चारचौघांत बोललं जातं. आपलं मोल उपासात, पहाटेच्या डब्यात, मिठाच्या बरणीमागे ठेवलेल्या नोटेत. चारचौघांत नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही त्यांचं.

घर धरून ठेवणं ही लहान गोष्ट नाही, बायांनो. पण जे बोललं जात नाही ते मोजलंही जात नाही.

आमच्या गटात मासळी विकणाऱ्या एक मावशी आहेत. बर्फाच्या पेटीसाठी कर्ज मागितलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “लिही, घरखर्च.”

“मावशी, पेटी वापरणार कोण?”

“मीच की.”

“बाजारात बसणार कोण?”

“मीच.”

जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “लिही. माझ्या धंद्यासाठी.”

पुढच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, घरी नवरा म्हणाला, “तुझा धंदा? घराचा नाही का?” मावशी म्हणाल्या, “घराचाच. पण करते मी.” तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पेटी त्यानेच उचलून टेम्पोत ठेवली.

पुरुषांना हे कळतच नाही, असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावावर केली. तोंडाने लक्ष्मी म्हणणं सोपं, सातबाऱ्यावर लिहिणं अवघड. त्यांनी लिहिलं. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, आपल्या राज्यात, वडिलांच्या आधी आईचं नाव येतं.

मी स्वतःही यात मागेच होते. आमच्या घरासाठी माझे दागिने गेले, कागदावर नाव एकट्या ह्यांचं. कुणी अडवलं नव्हतं. मीच कधी म्हटलं नाही. यंदा म्हटलं. म्हणताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू!

तेव्हा दोन कामं करा. येत्या बैठकीत प्रत्येकीने एक वाक्य मोठ्याने बोलायचं : ‘मला मोलाचं वाटतं ते...’ आणि वहीत खरं कारण लिहायचं. दुसरं, ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना 8 चा उतारा बघा. पती-पत्नी दोघांच्या नावे घराची नोंद करावी, असं शासनाने 2003 मध्येच सांगितलंय. तुमचं नाव नसेल तर घरी बोला, मग अर्ज द्या. एकटीला जड वाटलं तर गट बरोबर न्या.

भांडायला नाही, मोजून घ्यायला जायचंय.