कारागृहाचे द्वार आणि समाजाची जबाबदारी



कारागृह म्हटले की उंच तट, पहाऱ्याचे मनोरे आणि भक्कम दरवाजा एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु कारागृह ही पूर्णपणे बंद अशी वास्तू नव्हे. धान्य, भाजीपाला, दूध, औषधे आणि कारखान्याचा कच्चा माल तेथे नित्य आत जात असतो. न्यायालयात वा रुग्णालयात नेलेले बंदी सायंकाळी परत येतात. नातलग आणि वकील भेटीस येतात, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलतात. तट कितीही उंच बांधला तरी दार उघडावेच लागते. निषिद्ध वस्तूंचा प्रश्न म्हणूनच तटापेक्षा दाराचा अधिक आहे.

या वस्तू कोणत्या? तंबाखू, गांजा, चरस, मद्य, रोख पैसा, ब्लेड, धारदार पत्रा आणि अलीकडच्या काळात सर्वांत उपद्रवी ठरलेला भ्रमणध्वनी. बाहेर जिला कवडीची किंमत नाही, अशी तंबाखूची पुडी आत चलनाचे रूप घेते. ज्याच्या हाती ती पडते तो उधारी देतो. उधारी फिटली नाही की दमदाटी सुरू होते आणि दुबळा बंदी बलदंडाचा अंकित बनतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ४,३६,२६६ बंद्यांची सोय होती. प्रत्यक्षात तेथे ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे होते. निषिद्ध वस्तूंच्या व्यापाराचा पहिला बळी अशा दाटीत सापडलेला नवखा तरुण ठरतो. भ्रमणध्वनीचे दुष्परिणाम तर तटाबाहेरही पोहोचतात. साक्षीदाराला धमकी आणि व्यापाऱ्याकडे खंडणीची मागणी कोठडीतूनच होऊ लागली, तर न्यायालयाने दिलेल्या कोठडीला अर्थच उरत नाही.

वस्तू दिसावयास निरुपद्रवी असली तरी तिचा परिणाम किती गंभीर असू शकतो, याचे उदाहरण १९८६ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात घडले. १६ मार्च रोजी चार्ल्स शोभराज याने गुंगीचे औषध मिसळलेली मिठाई पहारेकऱ्यांना खाऊ घातली आणि तो काही साथीदारांसह निसटला. पुढे एप्रिलमध्ये मुंबई पोलीस दलातील निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरी येथील एका उपाहारगृहात पकडले. या प्रकरणात तट फोडला गेला नाही आणि शस्त्रही चालले नाही. कर्मचाऱ्याने बंद्याकडून काही स्वीकारू नये, हा साधा नियम ढिला पडला. तेवढे पुरेसे झाले.

या बाबतीत कायदा पूर्वीपासूनच स्पष्ट आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या ४२ व्या कलमाने निषिद्ध वस्तू आत नेणे वा बाहेर आणणे हा गुन्हा ठरविला आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. अशा कृत्यांची व शिक्षेची सूचना स्थानिक भाषेतही कारागृहाबाहेर ठळक जागी लावावी, असे ४४ व्या कलमाने बजावले. केवळ झडती घेऊन भागत नाही, लोकांना नियम आधी कळले पाहिजेत, हे तत्त्व त्यामागे आहे. अभ्यागताची झडती इतर बंद्यांच्या वा अभ्यागतांच्या देखत होऊ नये, ही मर्यादाही याच अधिनियमाने घातली. काळ पालटला तशी त्या शिक्षेची धार बोथट झाली. म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये तयार केलेल्या आदर्श अधिनियमात भ्रमणध्वनीसारख्या वस्तूंच्या वापराबद्दल बंदी आणि कर्मचारी या दोघांनाही शिक्षेची तरतूद केली.

प्रत्यक्ष उपायांत पहिले स्थान दाराच्या शिस्तीला आहे. बाहेरचा व आतला असे दोन दरवाजे एकाच वेळी कधीही उघडू नयेत. आत जाणाऱ्या प्रत्येकाची, मग तो अधिकारी का असेना, नोंद व झडती व्हावी. भाजीची पोती आणि पिठाचे डबे उघडून पाहावेत. तटावरून वस्तू फेकल्या जातात, तेव्हा तटालगतची जागा मोकळी ठेवून तेथे सकाळ-संध्याकाळ फेरी घालावी. धातुशोधक आणि क्ष-किरण यंत्रे उपयुक्त आहेत. परंतु यंत्रामागचा माणूस विकला गेला तर यंत्र आंधळे होते. भ्रमणध्वनी रोखणारे जॅमर नव्या पिढीच्या लहरींपुढे निष्प्रभ ठरतात आणि शक्ती वाढविली तर शेजारच्या वस्तीची सेवा खंडित करतात. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८३ मध्ये कर्मचाऱ्यांची निवड, प्रशिक्षण आणि सेवाशर्ती यांवर भर दिला होता, तो याच कारणाने. तुटपुंजे मनुष्यबळ आणि लांबलचक पाळी यांतून प्रलोभनाला वाट मिळते.

मात्र पुरवठा तोडण्याइतकेच मागणी कमी करणेही आवश्यक आहे. घरी आई आजारी आहे आणि महिनोन्‌महिने तिची खबर नाही, असा बंदी चोरट्या दूरध्वनीसाठी वाटेल ती किंमत मोजतो. आप्तांच्या भेटीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने सुनील बात्रा खटल्यात अधोरेखित केले. ई-मुलाकात या दृक्‌श्राव्य भेटीच्या सोयीने आणि अधिकृत दूरध्वनीने ही गरज उजळ माथ्याने भागते. व्यसनी बंद्याला उपचार मिळाले आणि हाताला काम मिळाले, तर पुडीचे गिऱ्हाईकही घटते.

या कार्यात गावाचाही वाटा आहे. भेटीस जाणाऱ्या माउलीच्या पिशवीत कोणीतरी शेजारी “एवढे त्याला द्या” म्हणून पुडके सरकवतो. ती निरक्षर असते, नियम ठाऊक नसतो, आणि मुलाला भेटायला गेलेली ती स्वतःच आरोपी बनते. पंचायत सदस्याने अशा कुटुंबाला भेटीची रीत, लागणारी ओळखपत्रे आणि कोणत्या वस्तू चालत नाहीत, हे आधीच समजावून दिले, तर एक संसार वाचेल. जामीन मिळूनही जामीनदाराअभावी आत खितपत पडलेल्यांची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचविली, तर बराकीतील दाटीही हलकी होईल. शिक्षकांनी बंद्याच्या मुलाला वर्गात हिणवले जाऊ न देता त्याचे पत्र वडिलांपर्यंत जाईल, एवढे पाहावे. घराशी जोडलेल्या बंद्याला चुकीच्या टोळीचा आधार शोधावा लागत नाही.

कारागृहातून बहुतेक माणसे एक दिवस आपल्याच गावी परततात. ती व्यसन आणि कर्ज घेऊन परतावीत की शिकलेले काम आणि सावरलेले मन घेऊन, हे पुष्कळ अंशी त्या दारावरील दक्षतेवर आणि दाराबाहेरील समाजाच्या जाणिवेवर अवलंबून आहे.