टक्के सारखे, काटे निराळे

दहावीचा निकाल लागला, की निपाणीची कित्येक मुले कागल ओलांडून कोल्हापूरच्या महाविद्यालयांची वाट धरतात. तेथे प्रवेशाच्या वेळी कर्नाटक मंडळाचे आणि महाराष्ट्र मंडळाचे गुण शेजारी मांडले जातात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा प्रश्न नव्हता. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. आज परीक्षा दोन आहेत आणि जागा त्याच.

पहिला भेद बेरजेचा आहे. कर्नाटकात प्रथम भाषेला १२५ आणि इतर पाच विषयांना प्रत्येकी १००, असे एकूण ६२५ गुण असतात. महाराष्ट्रात उत्तम पाच विषय धरून ५०० पैकी टक्केवारी काढतात. प्रथम भाषेसह पाच विषयांत ८० टक्के आणि सहाव्यात ५० गुण मिळविणारा विद्यार्थी महाराष्ट्राच्या हिशेबाने ८० टक्क्यांचा ठरतो, कर्नाटकाच्या हिशेबाने ७५.२ टक्क्यांचा. अभ्यास मात्र तोच!

हा भेद साध्या गणिताने मिटेल. दुसरा अधिक अवघड आहे: कोणती प्रश्नपत्रिका कठीण होती? अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ परीक्षा अनेक सत्रांत होते. तेथे २०१९ पासून गुणांऐवजी, आपल्या सत्रातील शंभरांपैकी किती जण आपल्या बरोबरीचे वा मागे आहेत, हे पाहतात. त्यालाच पर्सेंटाइल म्हणतात. सत्रांत मुलांची वाटणी कोणतीही निवड न करता झालेली असते, म्हणून ते न्याय्य ठरते. दोन राज्यांतील मुलांची वाटणी तशी झालेली नसते.

यासाठी संख्याशास्त्र एक दुवा मागते. दोन्हीकडच्या प्रश्नपत्रिकांत काही प्रश्न समान ठेवावेत. समजा, त्या प्रश्नांत दोन्ही गटांची सरासरी १२ गुण आली. उरलेल्या प्रश्नांत मात्र एकीकडे ४८ आणि दुसरीकडे ५४ आली. मग मुलांची तयारी सारखी असून दुसरी प्रश्नपत्रिका सोपी होती, असे अनुमान निघते. अर्थात, दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच विषयाच्या आणि जवळजवळ एकाच अभ्यासक्रमावरच्या हव्यात, आणि समान प्रश्न मराठी व कन्नड दोन्ही माध्यमांत सारखाच सुबोध हवा. सीमाभागात ही अट विसरून चालणार नाही.

निपाणीच्या बाजारात तंबाखूचे वजन दोन काट्यांवर झाले, तर शहाणा व्यापारी भाव बोलण्यापूर्वी काटे ताडून पाहतो. मुलांच्या भवितव्याचे माप घेताना आपण तेवढी दक्षता तरी बाळगावी.