पायांची बातमी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने पायांसारखा उपेक्षित विषय व्याख्यानासाठी स्वीकारला, याबद्दल मी ऋणी आहे. हृदयावर आणि डोळ्यांवर बोलणारे पुष्कळ असतात. थोरांच्या पायांवर आपण मस्तक ठेवतो. परंतु स्वतःचे तळवे निरखून पाहण्याची सवय आपणांस नाही.

पादचिकित्सा, म्हणजेच पोडियाट्री, ही इंग्लंड-अमेरिकेत स्वतंत्र विद्याशाखा आहे. आपल्याकडे हे काम बहुधा शल्यचिकित्सक आणि मधुमेहतज्ज्ञ आपापल्या व्यापातून करतात. त्यामुळे तिचे नावही सामान्य माणसाच्या कानी पडत नाही. हे अज्ञान दूर करण्याचे सामर्थ्य मोठ्या शहरांतील रुग्णालयांपेक्षा आपल्या गावच्या दैनिकात अधिक आहे, असे माझे मत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. खडा टोचला तरी कळत नाही. रक्तपुरवठाही उणावलेला असेल तर जखम भरत नाही आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाते. या धोक्याचे मर्म प्रथम उलगडले ते कुष्ठरोगाच्या अभ्यासात. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांचे पाय झिजतात ते मुख्यतः वेदना न जाणवल्यामुळे रोज होणाऱ्या इजांनी. हीच दृष्टी त्यांनी पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायांना लावली. त्या परंपरेतील मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आजही मिळतात. चामडे वर्ज्य असणाऱ्यांना पट्टे रेक्झिनचे करून घेता येतात.

आता वृत्तपत्रांकडे येतो. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे कार्य आपणा सर्वांच्या अभिमानाचे आहे. जयपूर फूट घराघरांत पोहोचले, त्यात डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९८१ मध्ये मिळालेल्या मॅगसेसे पुरस्काराच्या बातम्यांचा आणि सुधा चंद्रन यांच्या जिद्दीची कथा सांगणाऱ्या १९८६ च्या ‘नाचे मयूरी’ या चित्रपटाचा मोठा वाटा होता. कृत्रिम पायाची बातमी होते. वाचलेल्या पायाची होत नाही. कारण तेथे छायाचित्र काढण्यासारखे काहीच नसते!

आपल्या शिबिरांच्या बातम्या पाहा. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, उपस्थितांची नावे (एखादे राहिले तर दुसऱ्या दिवशी नाराजी) आणि शेवटी ‘अनेकांनी लाभ घेतला’. काय तपासले आणि कशासाठी, याची एक ओळ नसते. कधी त्याच पानावर मधुमेह मुळासकट घालवण्याची हमी देणारी जाहिरात मात्र ठळक असते.

काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. वैशाखातील दुपारी तापलेल्या फरशीवरून त्यांनी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या होत्या. तळव्यांना फोड आले, फुटले. त्यांना पत्ताच नव्हता. घरातील फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा सूनबाईंच्या ध्यानात आले. दोन बोटे गमवावी लागली. बरे झाल्यावर त्यांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, हे पेपरात का येत नाही?” मला उत्तर देता आले नाही. मीच कधी लिहिले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात एका स्थानिक दैनिकाला मी शंभरेक शब्दांची चौकट दिली. अनवाणी दर्शन हा श्रद्धेचा भाग आहे. त्याविरुद्ध त्यात एक अक्षरही नव्हते. मधुमेहींनी ऊन चढण्यापूर्वी दर्शनास यावे, प्रदक्षिणामार्गावर काथ्या अंथरावा, घरी गेल्यावर आरसा धरून तळवे पाहावेत, कुरूप ब्लेडने कापू नये, एवढेच होते. त्या आठवड्यात काही जण कात्रण खिशात घालून आले. त्यांपैकी एका आजोबांच्या अंगठ्याखाली जखम होती आणि ती वेळेत भरून आली. दरवर्षी १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन येतो. २००५ साली तर तो पायांच्या काळजीलाच वाहिलेला होता. परंतु आपल्या मंदिराची फरशी नोव्हेंबरात तापत नाही. ती केव्हा तापते, हे गावच्या पत्रालाच ठाऊक असते.

येथे पत्रकार बंधू उपस्थित आहेत. तीच चौकट मी पुन्हा लिहून आणली आहे. तिच्याखाली माझे नाव छापू नये. त्या जागेत आणखी एक ओळ बसेल. व्याख्यानानंतर शेजारच्या दालनात १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळव्यांची संवेदना तपासण्याची सोय केली आहे. थोडाच वेळ लागतो. मधुमेही बंधु-भगिनींनी मोजे काढून यावे.