टॅपेटमधला अवकाश

पहिल्या पाळीच्या वेळी काळेवाडीहून पवनेच्या पुलावरून पिंपरीकडे निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांत असे कितीतरी असतात, की ज्यांचा सारा दिवस भोसरीच्या, आकुर्डीच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यात मायक्रोमीटर हाती धरून मिलिमीटरचे शतांश मोजण्यात जातो. परंतु स्वतःच्या गाडीचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यामधली मोकळीक, किती ठेवले आहे असे त्यांना विचारावे, तर ‘ते मेकॅनिकला ठाऊक’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. मोजमापाचे हे कसब कारखान्याच्या फाटकाशी सोडून न देता घरी आणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या या मुलखातल्या बहुतेक घरांना टॅपेटची ओळख तशी उशिराच झाली. 1972 पासून आकुर्डीत घडू लागलेल्या चेतकचे इंजिन दोन स्ट्रोकांचे. त्यात असे व्हॉल्व्ह नव्हतेच, सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे पिस्टनच आपल्या येण्याजाण्याने उघडी करी आणि मिटवी. सबब तिच्या मालकाचे शिक्षण प्लग साफ करणे आणि पेट्रोलमध्ये योग्य प्रमाणात तेल मिसळणे, एवढ्यावर भागत असे. पुढे 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, 2001 साली बजाजची पल्सर आली, आणि चार स्ट्रोकांचे इंजिन घरोघरी उभे राहिले. त्याच्या देखभालीची विद्या मात्र त्या वेगाने घरात आली नाही.

या इंजिनात, फेरे मिनिटाला 6000 असतील तेव्हा, प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला ढकलणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये, इंजिन थंड असताना, किंचित मोकळीक राखावी लागते. कारण धातू तापला की प्रसरण पावतो, आणि त्या प्रसरणाला जागाच उरली नाही तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. ही मोकळीक अनेक लहान इंजिनांत अवघी 0.05 ते 0.10 मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास असते. नेमका आकडा मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तिकेबरहुकूमच घ्यावा.

आता कृती. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. जुन्या स्प्लेंडरसारख्या इंजिनाच्या हेडवर दोन गोल टोपणे असतात, कार्ब्युरेटरच्या बाजूचे इनटेकचे आणि सायलेन्सरच्या बाजूचे एक्झॉस्टचे. ती काढावीत, प्लगही काढावा, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. मग मॅग्नेटच्या कव्हरमधल्या नटाला पाना लावून, चक्रावरची ‘टी’ ही खूण कव्हरवरच्या खाचेशी जुळेपर्यंत इंजिन त्याच्या चालण्याच्याच दिशेने फिरवावे. येथे घाई करू नये. ही खूण दर फेऱ्याला जुळते. पण कॉम्प्रेशनच्या अखेरीस ती जुळली असेल तरच दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळतात. ते ताठ लागले तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. त्यानंतर फट मोजणाऱ्या फिलर गेजचे, पुस्तिकेतल्या आकड्याइतके जाड पाते रॉकर आणि दांडी यांच्यामधल्या फटीत सरकवावे. ते अडकू नये, सैल पडू नये, ओढताना हलका विरोध बोटांना जाणवावा. अंतर बदलायचे असेल तर 9च्या पान्याने लॉकनट सैल करून चौकोनी डोक्याचा स्क्रू फिरवावा, आणि लॉकनट आवळताना तो स्क्रू घट्ट धरून ठेवावा, कारण नटाबरोबर तोही फिरू पाहतो. आवळून झाल्यावर पाते पुन्हा एकदा घालून पाहावे. ग्राइंडिंगवर काम करणाऱ्या माझ्या एका शेजाऱ्याला मी हे दाखवले, तेव्हा मला जे शब्दांत सांगता येईना ते त्याच्या बोटांना पहिल्याच ओढीत उमगले.

आणि ज्या एका गोष्टीसाठी मी हा सारा तपशील सांगत आहे, ती ही की टॅपेटची बारीक टिकटिक बंद करून मागण्याचा आपल्याकडचा प्रघात इंजिनाला घातक आहे. सैल टॅपेट आवाज करून आपली तक्रार गुदरते. घट्ट टॅपेट काहीच बोलत नाही. व्हॉल्व्ह मिटलेला असतानाच आपली बहुतेक उष्णता बैठकीला देत असतो. ती भेट तुटली म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने जळू लागतो, कॉम्प्रेशन ढासळते, आणि सकाळच्या गारव्यात किक मारून पाय दुखू लागतात. शिवाय व्हॉल्व्ह जसजसा बैठकीत झिजून खोल बसतो, तसतशी त्याची दांडी वर येऊन फट आपोआप कमी होत जाते. म्हणून आवाज नाही, सबब कसूर नाही, हा निवाडा मला मुळीच मान्य नाही. पुस्तिकेतल्या किलोमीटरांची मुदत भरली की गाडी कितीही शांत चालत असो, मोजणी झालीच पाहिजे.

गेज विकत घेताना 0.05चे पाते त्यात आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. आणि टोपणांखालच्या रबरी रिंगा कडक झाल्या असतील तर मोजणीच्याच वेळी बदला, नाहीतर तेथून तेल झिरपू लागते.